बांधावरच्या वीरगळाची त्रिमितीय नोंद कशी करतात

कोल्हापूर जिल्ह्यातल्या जुन्या गावांत मारुतीच्या देवळामागे, पाराला टेकून किंवा उसाच्या बांधावर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, उभे असतात. करवीर तालुक्यातलं बीड हे गाव तर वीरगळांसाठीच ओळखलं जातं. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्याला चंद्रसूर्य. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. शेजारी कुठे सतीशिळा दिसते, कुठे शाप कोरलेला गद्धेगाळ.

पन्हाळ्याची तटबंदी आणि खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर ही संरक्षित स्मारकं आहेत. त्यांची मोजमापं, नकाशे, जुनी छायाचित्रं कुठे ना कुठे सापडतात. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांतल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळा जागतिक वारसा यादीतही आला. बांधावरच्या दगडाची मात्र कुठेच नोंद नसते. पाचट पेटवल्यावर तो तापून तडकला, ट्रॅक्टरचा धक्का लागून पडला, जीर्णोद्धारात पायरी म्हणून बसवला गेला किंवा त्याच्यावर ऑइल पेंटचे तीन हात चढले, तर तो आधी कसा होता हे सांगणारं मागे काही उरत नाही. त्रिमितीय नोंदीचं तंत्र सगळ्यात आधी या दगडांसाठी वापरायला हवं. त्याला लागणारं सामान आता महाग राहिलेलं नाही, आणि जिल्ह्यातल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला किंवा चार-पाच जणांच्या दुर्गप्रेमी गटाला ते झेपण्यासारखं आहे. फक्त ते नीट करावं लागतं. मोबाइलवर फिरणारी छान आकृती तयार झाली म्हणजे नोंद झाली, असं होत नाही. जिच्यावरून उद्या कुणाला मिलिमीटरमध्ये मोजता येईल तीच नोंद कामाची.

साध्या फोटोतून खोली कशी निघते

एक डोळा मिटून समोर बोट धरा, मग दुसरा मिटा. बोट जागचं हललेलं दिसतं, मागची भिंत मात्र फारशी हलत नाही. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. या सरकण्यावरूनच मेंदू अंतर ओळखतो. फोटोग्रॅमेट्री हेच काम कॅमेऱ्याच्या अनेक जागांवरून करते. दगडावरचा एकच बारीक खड्डा वेगवेगळ्या तीन-चार फोटोंत सापडला, की त्या प्रत्येक फोटोतून त्या खड्ड्याकडे जाणारी सरळ रेषा गणिताने काढता येते. त्या रेषा जिथे मिळतात तिथे तो खड्डा असतो. असे लाखो ठिपके मिळून दगडाचा आकार उभा राहतो. कॅमेरा कुठे उभा होता हेही संगणक त्याच ठिपक्यांवरून शोधतो.

कल्पना जुनी आहे. १८५८ मध्ये जर्मनीतल्या व्हेट्सलार इथल्या चर्चची उंच भिंत मोजताना आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा तरुण वास्तुविद पडता पडता वाचला. जीव धोक्यात घालून मोजण्यापेक्षा फोटोवरून का मोजू नये, या विचाराचा त्याने आयुष्यभर पाठपुरावा केला आणि १८८५ मध्ये प्रशियात या कामासाठी सरकारी संस्था उभी राहिली. तिथल्या काचेच्या प्लेटांचा उपयोग महायुद्धात पडलेल्या इमारती पुन्हा बांधताना झाला. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या बुद्धमूर्ती मार्च २००१ मध्ये उडवून दिल्या गेल्या. त्यानंतर झुरिचच्या संशोधकांनी मोठ्या मूर्तीची संगणकीय प्रतिकृती तयार केली, ती १९७० मध्ये मोजणीसाठी म्हणून काढलेल्या फोटोंवरून. पर्यटकांनी काढलेले हजारो फोटो उपलब्ध असूनही बारीक अचूकता मिळाली ती त्या मोजक्या, शिस्तीने काढलेल्या फोटोंतून. आपल्या कामासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

सामान आणि त्यामागचं गणित

२४ मेगापिक्सेलचा, लेन्स बदलता येणारा कोणताही कॅमेरा चालतो. लेन्स ठरावीक फोकल लांबीची असावी. झूम लेन्सच असेल तर ती एका आकड्यावर ठेवून कागदी चिकटपट्टीने बांधून टाकायची, कारण झूम हलला की लेन्समधल्या वक्रतेचा हिशेब प्रत्येक फोटोत बदलतो. एपीएस-सी आकाराच्या सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिमी असते आणि तिच्यात ६,००० पिक्सेल बसतात. म्हणजे एक पिक्सेल सुमारे ०.००४ मिमीचा. ३५ मिमीच्या लेन्सने १ मीटरवरून फोटो घेतला तर एका पिक्सेलमध्ये दगडाचा सुमारे ०.११ मिमी भाग येतो. ६० सेंमीवरून घेतला तर ०.०७ मिमीच्या आसपास. छिन्नीचे घाव ओळखायचे असतील तर इतकी बारकाई लागते. नुसता आकार आणि चौकटी हव्या असतील तर २ मीटरवरून आलेले ०.२२ मिमीही पुरतात. आधी प्रश्न ठरवा, मग अंतर ठरवा.

अ‍ॅपर्चर एफ-८. त्याहून जास्त उघडं ठेवलं तर पुढचे-मागचे भाग धूसर होतात, एफ-१६ पर्यंत मिटलं तर सगळंच किंचित मऊ पडतं. वर सांगितलेल्या ३५ मिमीच्या लेन्सने ६० सेंमीवरून एफ-८ ला जेमतेम ९ सेंमी खोली स्पष्ट येते. बहुतेक वीरगळांचा उठाव त्यात बसतो, पण दगडाची बाजूची धार बसत नाही. म्हणून धारेसाठी वेगळे फोटो, थोडं मागे सरकून. आयएसओ १०० ते ४००. शटर १/१२५ पेक्षा हळू जायला लागलं की ट्रायपॉड लावायचा. फोकस एकदा साधून हाताने बंद करायचा आणि अंतर बदललं तरच पुन्हा साधायचा. पांढऱ्या रंगाचा समतोल (व्हाइट बॅलन्स) एकाच आकड्यावर. फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने बदल न केलेल्या मूळ फाइलमध्ये.

कॅमेरा नसेल तर मोबाइल चालेल, पण मुख्य लेन्सच वापरा. अतिरुंद लेन्स नको, चेहरे गुळगुळीत करणाऱ्या आणि उजेड आपोआप बदलणाऱ्या सगळ्या सोयी बंद करा, एक्स्पोजर लॉक करा. काही महागड्या फोनमध्ये लेझरने अंतर मोजणारा लायडार असतो. त्याची पोच साधारण ५ मीटर आणि बारकाई सेंटिमीटरची. घरातल्या एखाद्या खोलीचा ढोबळ आराखडा काढायला तो छान आहे. वीरगळाच्या कोरीव कामासाठी त्याचा उपयोग नाही.

यानंतरची गोष्ट सगळ्यात जास्त वेळा विसरली जाते, ती म्हणजे मापपट्टी. फोटोवरून निघालेल्या आकाराला स्वतःचं माप नसतं. वीरगळ दीड मीटरचा आहे की दीड फुटाचा हे संगणकाला कळत नाही. ५० सेंमीच्या तीन अ‍ॅल्युमिनियमच्या चपट्या पट्ट्या घ्या, प्रत्येकीच्या दोन टोकांना छापील खुणा चिकटवा, दोन खुणांच्या मध्यबिंदूंतलं अंतर नीट मोजून पट्टीवरच लिहून ठेवा. लाकडी पट्टी पावसाळी हवेत फुगते, कापडी टेप ताणला जातो, म्हणून अ‍ॅल्युमिनियम. पट्ट्या दगडाच्या पायाशी जमिनीवर आणि बाजूला उभ्या ठेवायच्या. दगडाला काहीही चिकटवायचं नाही. दोन पट्ट्यांवरून आकाराला माप द्यायचं आणि तिसरी राखून ठेवायची. शेवटी संगणकात तिसरी मोजून पाहायची. ५० सेंमीला अर्ध्या मिलिमीटरच्या आत फरक असेल तर काम जमलं. २ मिमी आला तर काहीतरी चुकलं आहे, आणि ते शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. हीच तिसरी पट्टी नसल्यामुळे कित्येक सुंदर आकृत्या शास्त्रीय कामाला निरुपयोगी ठरतात.

सोबत रंगतक्ता, उत्तर दिशा दाखवणारा बाण, मऊ रंगकुंचला, वही आणि पेन्सिल.

दगडाजवळ गेल्यावर

आधी परवानगी. दगड शेतात असेल तर शेतकऱ्याची, देवळात असेल तर गुरवांची आणि ग्रामपंचायतीची. वीरगळावर शेंदूर असेल तर तो गावासाठी देव आहे. कुठून फोटो काढायचा, चपला कुठे काढायच्या, गाभाऱ्यात जायचं की नाही, हे गावातल्या जाणत्या माणसांना विचारूनच. त्याच वेळी दगडाचं स्थानिक नाव, तो पूर्वी कुठे होता, कधी हलवला, त्याला नैवेद्य कधी दाखवतात हेही विचारून लिहून घ्यावं. ही माहिती कोणत्याही स्कॅनरला दिसत नाही, आणि दगडापेक्षा ती लवकर नष्ट होते.

साफसफाई म्हणजे वाळकी पानं, कोळिष्टकं आणि सुटी माती कुंचल्याने झाडणं, एवढंच. दगडफूल खरवडायचं नाही, पाणी मारायचं नाही, अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ भरायचं नाही. ओला बेसाल्ट काळा पडतो आणि चमकतो, शिवाय वाळताना त्याचा रंग फोटोगणिक बदलतो. पावसानंतर पूर्ण वाळेपर्यंत थांबावं लागतं, आणि आपल्याकडच्या हवेत त्याला एखादा दिवसही जातो.

उजेड मऊ हवा. कडक उन्हात सावल्या फोटोत कायमच्या उमटतात, दोन तासांत त्या सरकतात आणि संगणक सावलीची धार ही दगडाचीच धार समजतो. आपल्याकडे यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सूर्योदयाआधीची आणि नंतरची थोडी वेळ, किंवा सप्टेंबरअखेरचे पाऊस नसलेले ढगाळ दिवस सर्वोत्तम. दुपारीच जावं लागलं तर दोघांनी पांढरी चादर धरून सावली करायची, पण मग ती सावली सगळ्या फोटोंत सारखी राहिली पाहिजे. गळीत हंगामात रस्त्याकडेच्या दगडावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची धूळ सतत बसते, म्हणून तिथे पहाटच बरी.

आता प्रत्यक्ष फोटो. दीड मीटर उंच, ६० सेंमी रुंद आणि चारही बाजूंनी मोकळा वीरगळ धरू. दगडापासून १ मीटर अंतर ठेवून त्याच्याभोवती गोल फिरायचं, दर १२ अंशांना एक फोटो, म्हणजे एका फेरीत ३०. पहिली फेरी गुडघ्याच्या उंचीवरून, दुसरी छातीच्या, तिसरी डोक्याच्या वरून कॅमेरा खाली झुकवून. झाले ९०. मग कोरीव बाजूसमोर ६० सेंमीवर यायचं. इथून एका फोटोत सुमारे ४० सेंमी रुंद आणि २७ सेंमी उंच भाग मावतो. शेजारच्या फोटोंत ७५ टक्के भाग सामाईक राहावा म्हणून प्रत्येक वेळी १० सेंमीच सरकायचं, आणि एक ओळ संपली की ११ सेंमी वर. ७ फोटोंच्या १५ ओळी, म्हणजे १०५. शेवटी कॅमेरा ९० अंशांत वळवून आठ-दहा फोटो, ज्यांच्यामुळे लेन्सच्या वक्रतेचा हिशेब पक्का बसतो. एकूण २०० च्या घरात फोटो, ५ ते ६ जीबी, आणि सवय झालेल्या माणसाला दीड तास.

फिरताना एकाच जागी उभं राहून कॅमेरा नुसता डावी-उजवीकडे वळवू नका. तसं केलं तर डोळा एकच राहतो आणि खोली निघत नाही. नवशिक्यांची ही सगळ्यात मोठी चूक, कारण फोटो पाहताना ती दिसत नाही. पाय हलले पाहिजेत.

कुठे बिघडतं

शेंदराचा जाड थर आणि तेलाने माखलेली मूर्ती चमकते. चमक दगडावर नसते, ती बघणाऱ्याबरोबर फिरते. त्यामुळे संगणकाला प्रत्येक फोटोत ती वेगळ्या जागी दिसते आणि आकृतीवर फोड आल्यासारखे उंचवटे किंवा भोकं तयार होतात. उपाय असा, की फ्लॅशवर ध्रुवीकरणाची फिल्म लावायची, लेन्सवर गोल पोलरायझर लावायचा आणि चमक पूर्ण जाईपर्यंत तो फिरवायचा. साधारण दोन ते तीन पायऱ्यांचा (स्टॉपचा) उजेड कमी होतो, तेवढा फ्लॅश वाढवावा लागतो.

एकसारख्या नक्षीने दुसरा गोंधळ होतो. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात ४८ खांब आहेत. एका खांबाचा फोटो दुसऱ्या सारख्याच खांबाच्या फोटोशी जुळवला गेला की अख्खा मंडप वाकडा जोडला जातो, आणि आकृती दिसायला इतकी गुळगुळीत असते की चूक पटकन लक्षात येत नाही. अशा ठिकाणी प्रत्येक खांबाजवळ क्रमांकाची वेगळी छापील खूण उभी करायची.

हलणाऱ्या गोष्टी म्हणजे झाडाची फांदी, देवळावरचं निशाण, मागे येऊन उभी राहिलेली मुलं आणि उसाची पाती. वाऱ्यात पाती प्रत्येक फोटोत वेगळी असतात. त्या भागावर संगणकात पडदा टाकावा लागतो, म्हणजे तो हिशेबातून वगळावा लागतो. मागे मोकळं आभाळ असेल तर दगडाच्या कडेला पांढरट झालर येते, तिलाही हाच उपाय.

आणि दगडाची पाठ. भिंतीत बसवलेल्या दगडाची पाठ दिसतच नाही. सॉफ्टवेअर ती भोकं आपल्या मनाने बुजवून टाकतं. ही सोय बंद ठेवा. जे दिसलं नाही ते आकृतीतही उघडंच राहिलं पाहिजे.

संगणकात

पायऱ्या सगळीकडे सारख्याच असतात. फोटो एकमेकांशी जुळवणं, त्यातून विरळ ठिपके, मग दाट ठिपके, त्यांना त्रिकोणांनी जोडून पृष्ठभाग आणि त्यावर फोटोतला रंग. मेटाशेप हे विकतचं सॉफ्टवेअर पुरातत्त्वात बरंच वापरलं जातं. मेशरूम फुकट आणि खुलं आहे, पण त्याच्या पूर्ण कामासाठी एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं. संगणकाला ३२ जीबी रॅम असली तर २०० फोटोंचं काम रात्रभरात उरकतं. विरळ ठिपके झाल्यावर थांबून जुळणीतली सरासरी चूक पाहायची. ती १ पिक्सेलच्या आत हवी. जास्त असेल तर धूसर फोटो काढून पुन्हा जुळवायचं. इथे घाई केली तर पुढचे सगळे तास वाया.

झिजलेली अक्षरं

शिलाहार राजांचे कोल्हापूर परिसरातले लेख संस्कृत आणि कन्नड भाषेत आहेत. पायाखाली झिजलेला किंवा पाण्याने खाल्लेला लेख त्रिमितीय आकृतीतही अनेकदा वाचता येत नाही. तिथे दुसरी पद्धत वापरायची. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट, लेखासमोर काटकोनात. तो शेवटपर्यंत केसभरही हलता कामा नये. लेखाच्या कडेला, दगडाला न चिकटवता, दोन काळे चकचकीत गोळे ठेवायचे, फोटोत त्यांचा व्यास निदान २५० पिक्सेल भरेल इतके मोठे. मग फ्लॅश हातात घेऊन वेगवेगळ्या दिशांनी ५० ते ६० फोटो, १५ अंशांच्या तिरक्या उजेडापासून ६५ अंशांपर्यंत. फ्लॅश आणि लेख यांतलं अंतर सारखं राहावं म्हणून फ्लॅशला दोरी बांधायची. ४० सेंमीच्या लेखाला दोरी १२० ते १६० सेंमी, म्हणजे तीन ते चार पट. दोरीचं दुसरं टोक लेखाच्या मध्यासमोर धरून अंतर बघायचं आणि फोटोआधी दोरी बाजूला घ्यायची.

गोळ्यावरचा चमकता ठिपका उजेड कुठून आला ते सांगतो. त्यावरून सॉफ्टवेअर दगडाच्या प्रत्येक बिंदूचा कल काढतं आणि मग पडद्यावर आपण उजेड हवा तिथून फिरवू शकतो. टॉम माल्झबेंडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेत मांडलेली ही पद्धत नाणी, ताम्रपट, शिलालेख या सगळ्यांना लागू पडते. काम संध्याकाळी अंधार पडल्यावर करायचं, म्हणजे फ्लॅशशिवाय दुसरा उजेड राहत नाही. शाईचे ठसे घेताना दगडाला ओला कागद आणि ब्रशचे ठोके बसतात. या पद्धतीत दगडाला हात लागत नाही, म्हणून ठिसूळ झालेल्या लेखासाठी आधी हीच निवडावी.

मोठी ठिकाणं

मंदिर किंवा तट असला की फोटोंच्या जोडीला जमिनीवरचा लेझर स्कॅनर लागतो. तो भोवताली किरण फेकून मिलिमीटरच्या पातळीवर अंतर मोजतो. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचं अँड्र्यू टॅलन या कलेतिहासकाराने याच पद्धतीने २०१० च्या सुमारास मोजमाप केलं होतं, आणि १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर ती नोंद फार मोलाची ठरली. गुजरातमधल्या पाटणच्या राणी की वावचंही २०११ मध्ये स्कॅनिंग झालं आहे. यंत्र महाग असतं, पण ते भाड्याने मिळतं आणि चालवणारा माणूस सोबत येतो. खिद्रापूरसारख्या ठिकाणी खांबाआड खांब असल्यामुळे एका जागेवरून काही भागच दिसतो, म्हणून स्कॅनर पुन्हा पुन्हा हलवावा लागतो. घासून गुळगुळीत केलेल्या खांबांवर किरण नीट परतत नाही, तिथे फोटोंची जोड द्यावी लागते.

स्मारक संरक्षित असेल तर ट्रायपॉड लावायलाही पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी लागते, ड्रोनला तर लागतेच. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आधी पाहायचा. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. कोल्हापूर शहराजवळ काम करताना उजळाईवाडीचा विमानतळ लक्षात ठेवावा. पन्हाळ्याच्या तटाजवळ वारा खालून वर उसळतो, तिथे ड्रोन कड्याच्या फार जवळ नेऊ नये. फक्त वरून सरळ खाली बघत फोटो घेतले तर सपाट पठारही आकृतीत घुमटासारखं फुगतं. म्हणून ४५ अंशांतले तिरके फोटो मिसळायचेच.

पाहायला सुंदर, मोजायला नाही

२०२३ पासून गाउशियन स्प्लॅटिंग नावाची पद्धत लोकप्रिय झाली आहे. त्रिकोणांऐवजी लाखो रंगीत धूसर ठिपक्यांनी दृश्य उभं राहतं, झाडं, पाणी आणि चमकदार शेंदूरही हुबेहूब दिसतो. लोकांना दाखवायला ती उत्तम. पण तिच्यात दगडाचा नेमका पृष्ठभाग नसतो, त्यामुळे तिच्यावरून माप घेऊ नये. कृत्रिम बुद्धिमत्तेने फोटो ‘स्वच्छ’ करणं त्याहून धोक्याचं. झिजलेल्या वीराच्या हातात ती तलवार घालून देते, तिथे मुळात भाला असला तरी. अशा फोटोंना नोंदीत जागा नाही.

पुनर्रचनेचंही तसंच. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं, सातवाहनकाळातली वस्ती उजेडात आणली. तिथे मिळालेल्या वस्तूंपैकी पोसायडन या समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. आज टेकडीवर उभं राहिलं तर त्या वस्तीतलं काही दिसत नाही. पंचगंगेच्या काठचं ते गाव आभासी दृश्य दाखवणारा हेडसेट डोळ्यांना लावून पाहता आलं तर मुलांना दोन हजार वर्षं खरी वाटतील, आणि ते करावंच. पण पाया उत्खननात मिळाला, भिंतीची उंची अंदाजाने धरली, छप्पर नुसती कल्पना, हे तीन रंगांत वेगळं दाखवता आलं पाहिजे. वारशाच्या संगणकीय पुनर्रचनेचे नियम सांगणाऱ्या २००६ च्या लंडन चार्टरचा आग्रह हाच आहे. स्वर्गमंडपाचं गोल उघडं छत मुळातच तसं ठेवलं की काम अपुरं राहिलं, यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं. त्यावर शिखर चढवून दाखवणारी चित्रफीत पाहणाऱ्याला तो प्रश्न मिटल्यासारखाच वाटेल.

लोकांपर्यंत

मूळ आकृतीत १ ते २ कोटी त्रिकोण असतात. साध्या मोबाइलवर ती उघडत नाही. दाखवायच्या प्रतीत त्रिकोण दीड लाखापर्यंत आणायचे, बारीक खाचांची माहिती वेगळ्या प्रतिमेत उतरवायची, रंगाची प्रतिमा २०४८ पिक्सेलची करायची आणि जीएलबी स्वरूपात साठवायचं. फाइल १० ते १५ एमबीमध्ये बसते, गावातल्या नेटवर्कवरही उतरते. जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडसेट नसला तरी फळ्याशेजारच्या पडद्यावर गुरुजी वीरगळ फिरवून दाखवू शकतात. हेडसेट वापरलाच तर दृश्य आपोआप हलवू नका, पाहणाऱ्याने स्वतः मान वळवावी, नाहीतर दोन मिनिटांत गरगरतं.

नेमकी जागा मात्र उघड करायची नाही. राखण नसलेल्या मूर्ती चोरीला जातात. मोबाइलचे फोटो आपल्या पोटात अक्षांश-रेखांश घेऊन फिरतात, ते टाकण्याआधी काढून टाका आणि लोकांसाठी तालुक्याचं नाव पुरेसं समजा. नेमकं ठिकाण ग्रामपंचायतीकडे आणि पुरातत्त्व विभागाकडे द्यायच्या प्रतीत ठेवा. नांगरताना जमिनीतून नवीन मूर्ती किंवा नाणी निघाली तर आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८ चा निखात निधी अधिनियम आजही लागू आहे.

जपून ठेवणं

१९८६ मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीने अख्ख्या देशाची माहिती लेझर डिस्कवर गोळा केली. पंधरा-वीस वर्षांत ती वाचणारी यंत्रंच दुर्मीळ झाली आणि माहिती बाहेर काढायला वेगळी मोहीम करावी लागली. म्हणून मूळ रॉ फोटो ठेवायचेच, सोबत डीएनजी किंवा टिफ प्रती, आकृती पीएलवाय किंवा ओबीजे या खुल्या स्वरूपात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोकापातळी ओलांडते तेव्हा शहरातल्या तळमजल्यांचं काय होतं हे २०१९ आणि २०२१ मध्ये सगळ्यांनी पाहिलं आहे. दोन्ही हार्ड डिस्क एकाच तळघरात असतील तर ती एकच प्रत. फोल्डरच्या नावात तालुका, गाव, दगडाचा क्रमांक, वर्ष-महिना-दिवस. आत एक साधी मजकुराची फाइल, तिच्यात कॅमेरा, लेन्स, पट्ट्यांची मापं, कुणी काढलं, कुणी परवानगी दिली. नवं सॉफ्टवेअर येईल तेव्हा याच फोटोंतून आजच्यापेक्षा चांगली आकृती निघेल.

आणि मग पुन्हा जायचं. पहिली नोंद मे महिन्यात झाली असेल तर दुसरी पाऊस सरून दगड वाळल्यावर, नोव्हेंबरात. तोच कॅमेरा, तीच लेन्स, तेवढंच अंतर. दोन्ही आकृत्या क्लाउडकंपेअर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एकमेकींवर बसवायच्या, पण जुळवताना झिजणारा भाग सोडून दगडाचा न बदललेला भाग धरायचा. मग कुठे किती फरक पडला ते रंगात दिसतं. तिसऱ्या पट्टीवरची चूक ०.५ मिमी असेल तर ०.३ मिमीच्या फरकावरून दगड झिजला असं म्हणता येत नाही. २ मिमीचा पापुद्रा निघालेला असेल तर तो स्पष्ट दिसेल, आणि कोणत्या चौकटीतून निघाला तेही. तो अहवाल छापून, फोटोसह, आधी ज्या गावचा दगड आहे तिथल्या ग्रामपंचायतीत द्यायचा.